मातृदिनाची भेट : घरपोच गुच्छ की हाताने लिहिलेले पत्र?

प्रश्न
मे महिन्याचा दुसरा रविवार जवळ आला की फोनवर मातृदिनाच्या सवलतींचे संदेश येऊ लागतात, आणि गेली चार वर्षे मी पुण्यात बसून साताऱ्याला आईसाठी केक व गुच्छ मागवते आहे. यंदा संक्रांतीला तिचे कपाट आवरताना चारही गुच्छांसोबतच्या छापील चिठ्ठ्या एका डब्यात नव्याकोऱ्या दिसल्या. त्यांच्याखाली मी वसतिगृहातून लिहिलेले आंतर्देशीय पत्र होते, घड्यांवर विरलेले, आईने मागून चिकटपट्टी लावून जपलेले. तेव्हापासून मन स्वस्थ नाही. गुच्छ बंद केला तर तिला वाईट वाटेल का?

प्रतिसाद १
हा दिवस ज्यांनी सुरू केला, त्या अमेरिकेतील ॲना जार्व्हिस यांनाही याच गोष्टीने अस्वस्थ केले होते. त्यांची आई १९०५ मध्ये वारली. १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील ग्राफ्टन येथील चर्चमध्ये मातृदिनाची प्रार्थनासभा झाली, तेव्हा त्यांनी तेथे आईच्या आवडीची पांढरी कार्नेशनची पाचशे फुले पाठवली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी या दिवसाला अधिकृत मान्यता दिली; पण फुलविक्रेते, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रे छापणारे यांनी त्याचा बाजार मांडलेला पाहून ज्या बाईंनी तो मिळवण्यासाठी जिवाचे रान केले होते, त्यांनीच पुढची अनेक वर्षे त्याविरुद्ध लढण्यात घालवली. इंग्रजी नावातील ‘आई’ हा शब्द एकवचनीच असावा, असा त्यांचा आग्रह होता, कारण प्रत्येकाने आपापल्या आईची आठवण करावी, हा त्यांचा हेतू होता. छापील शुभेच्छापत्र त्यांना मुळीच मान्य नव्हते. आपल्या आईने जपलेले पत्र पाहता, त्यांचे म्हणणे आपल्याच घरी खरे ठरले आहे, असे मला वाटते.

प्रतिसाद २
मी परिचारिका आहे आणि नऊ वर्षे मस्कतमध्ये नोकरी करते. माझ्या आईला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, मला मे महिन्यात रजा मिळत नाही, आणि गुच्छ आला की शेजारच्या काकू तो पाहायला येतात, त्या निमित्ताने आईचा दिवस चांगला जातो. त्यामुळे मागवलेल्या भेटीत माया नसते, असे कृपया कोणी म्हणू नये. मात्र तयार मजकूर मी कधीच निवडत नाही. आमच्या विहिरीची, तिच्या अबोलीची एखादी आठवण लिहून देते आणि काकू तिला ती वाचून दाखवतात.

प्रतिसाद ३
आपल्याकडे श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, मातृदिन म्हणतात, हे येथे सांगावेसे वाटते. आई खीरपुरीचे वाण खांद्यावरून मागे धरून ‘अतिथी कोण?’ असे विचारते आणि मागे बसलेले मूल ‘मी’ म्हणून ते घेते. मुलांनी काही आणायचे नसते, फक्त हाकेला जवळ असायचे असते. माझी आई गेल्यापासून त्या संध्याकाळी मला तो प्रश्न ऐकू येतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल मी आईलाच विचारले. ती म्हणाली, “फुलं पाठव गं, पण चिठ्ठी तुझ्या अक्षरात असू दे.” उद्या टपाल कार्यालयातून आंतर्देशीय पत्र आणते आहे, आणि पिठोरीच्या रजेचा अर्ज आजच दिला.