राउटरला हात न लावता फायरवॉल: होटगीरोडकरांना उत्तर

मागावरचा

होटगीरोडकर, काल तुम्ही तीन ओळींत विषय संपवलात. दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या ऑफिसात ब्रिज फायरवॉल, म्हणजे राउटर आणि स्विचच्या मध्ये बसून येणारं-जाणारं गाळणारा डबा, ही नुसती हौस, म्हणालात. फायरवॉल राउटरमध्ये असतोच. आणि स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नसलेलं डबडं मध्ये घातलं तर उद्या बिघाड कुठे आहे तेच कळणार नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळतो. हे वाचून गप्प बसवत नाही.

राउटरमध्ये फायरवॉल असतो, पण तो राउटर कोणाचा? आमच्याकडे फायबरवाल्याचा डबा भिंतीला ठोकलाय आणि अ‍ॅडमिन पासवर्ड त्याच्या लाइनमनकडे. मागितला तर "द्यायची परवानगी नाही" एवढंच उत्तर. कोणते पोर्ट (ये-जा करायची दारं) उघडे आहेत हे मला माझ्याच ऑफिसात बसून बघता येत नाही. त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावू म्हटलं तर डबल नॅट, म्हणजे दोन राउटर एकामागे एक पत्ते बदलत बसणार, आणि आतले सगळे आयपी बदलणं आलं. टॅलीचं मशीन, हजेरीचं मशीन, बारकोड प्रिंटर, प्रत्येकाला वेगळ्या माणसाने कधीतरी फिक्स आयपी देऊन ठेवलाय आणि त्यातले निम्मे आता फोन उचलत नाहीत.

ब्रिजमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. राउटरची वायर डब्याच्या एका नेटवर्क कार्डात, दुसऱ्या कार्डातून वायर स्विचला. गेटवे (बाहेर जायचं दार) तोच, आयपी वाटणारा डीएचसीपी तोच. पॅकेटचा टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा आकडा, तोसुद्धा इथे कमी होत नाही, म्हणून वाट दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये हा दिसत नाही. आणि डबा बंद पडला तर राउटरची वायर काढून थेट स्विचला लावायची, नेट सुरू. राउटर म्हणून बसवलेला फायरवॉल गेला की हे जमतं का सांगा. आयपीचं म्हणाल तर तिसरं कार्ड फक्त देखभालीसाठी ठेवायचं, त्याला आयपी द्यायचा, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा.

नियम तरी किती लागतात? डेबियन लिनक्सवर एनएफटेबल्स या फायरवॉलमध्ये ब्रिजसाठीचं (ब्रिज फॅमिलीचं) टेबल. लिनक्स कर्नल ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्रिजवरच कनेक्शनचा माग ठेवता येतो. आतून सुरू झालेल्याचं उत्तर परत येऊ दे, बाहेरून सुरू होणारं अडव, हे दोन ओळींत बसतं. आयपीवरून मशीन शोधणारं एआरपी जाऊ द्यायचं, डीएचसीपीचे ६७ आणि ६८ पोर्ट जाऊ द्यायचे. आणि आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी वेगळा विचार करायचाच, कारण नियम फक्त आयपीव्ही४ चे लिहिले आणि बाकीचं सोडून दिलं तर शेजारच्या दारातून सगळं आत येतं.

याला हौस म्हणू नका.

होटगीरोडकर

दोन ओळींत बसतं हे वाचून बरं वाटलं असतं, पण वायर कुठून कुठे जाते ते आधी बघा. भिंतीवरच्या त्याच डब्यात वायफाय आहे ना? मालकाचा फोन, मॅनेजरचा लॅपटॉप, पाहुणे, सगळे त्याच वायफायवर. ते तुमच्या ब्रिजच्या बाहेरच्या बाजूला आहेत. त्यांच्या आणि इंटरनेटच्या मध्ये तुमचा एकही नियम नाही.

दुसरं, एकाच स्विचवरची दोन मशीन एकमेकांशी बोलली तर ते पॅकेट ब्रिजपर्यंत येतच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस ४४५ पोर्टवरून मशीन ते मशीन फिरला. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, लोकांनी टाकली नव्हती. एकदा एक मशीन लागलं की बाकीची स्विचवरच लागतात आणि तुमचा डबा शांत असतो. त्या पैशात विंडोज अपडेट करा, बॅकअपची डिस्क घ्या, ती वायर काढून कपाटात ठेवा. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून दुरुस्त्या मिळत नाहीत आणि अजून एमआयडीसीत ती मशीन ढिगाने आहेत.

आता माझ्या डोळ्यांदेखतचं सांगतो. नवी पेठेतल्या एका दुकानात एका हुशार पोराने असाच ब्रिज बसवला आणि नोकरीला पुण्याला गेला. उन्हाळ्यात एका सकाळी नेट बंद. टेबलाखाली असा काही डबा आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लाइनमन आला, त्याने वायर थेट स्विचला लावली आणि गेला. मी बघितलं तेव्हा त्या मशीनचे दिवे लागलेले होते, पंखा फिरत होता आणि त्यातून एक पॅकेट जात नव्हतं. बिल मात्र चालू. जुनं मशीन ६० वॉट खातं म्हणा, दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला साधारण ४३. तुम्ही ज्याला सोय म्हणताय, वायर काढून थेट लावायची, त्याच सोयीने तुमचा फायरवॉल कायमचा बाजूला पडतो.

मागावरचा

वायफायचा मुद्दा बरोबर आहे, तो मी लिहायला हवा होता असं तुम्हाला वाटत असेल तर घ्या, लिहिला. उपाय मात्र सोपा आहे: डब्याचं वायफाय लाइनमनकडून बंद करून घ्यायचं, त्यासाठी त्याला पासवर्ड आपल्याला द्यावा लागत नाही, आणि स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा डबा) स्विचवर लावायचा.

पण दुकानदाराला कोणी सांगितलं नाही म्हणून डबा बाजूला पडला, यात ब्रिजचा काय दोष? राउटर असता तर पोरगा पुण्याला जाताना पासवर्ड घेऊन गेला असता आणि सगळं ऑफिस आठवडाभर बसलं असतं. आणि ६० वॉटचं जुनं मशीन वापरायची सक्ती नाही. बिनपंख्याचे छोटे डबे मिळतात. आमच्याकडे तर पंखा नसलेलाच लागतो. मागाच्या शेडजवळ ठेवलेलं मशीन उघडून बघा, पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या खाचांत कापसाचं तूस फेल्टसारखं घट्ट बसलेलं असतं, फुंकून निघत नाही, ब्रशने खरवडावं लागतं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात असलं मशीन टिकत नाही.

हिशेबनीस

तुम्हा दोघांचं तांत्रिक भांडण चालू द्या, माझा प्रश्न वेगळा आहे. मी चार कारखान्यांचे हिशेब बघतो. रात्री घरून रिमोट डेस्कटॉपने टॅलीत शिरतो. एका ठिकाणी असाच कोणीतरी फायरवॉल लावला, मला न विचारता, आणि २० तारखेला, जीएसटी ३बी भरायच्या दिवशी, माझं दार बंद. मालकाने शिव्या मला घातल्या. बाहेरून येणारं सगळं अडव, हे लिहायला सोपं आहे हो. आमच्यासारख्यांचं पोट त्या बाहेरून येण्यावर आहे.

रात्रपाळी

हिशेबनीस, तुमचा राग समजतो, पण रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट जगाला उघडं ठेवणं हा हट्ट सोडा. २०१९ चं ब्लूकीप नेमकं रिमोट डेस्कटॉपमधलं भोक होतं, विंडोज ७ मधलं, लॉगिन न करता आत शिरता येणारं. पासवर्ड कितीही अवघड ठेवलात तरी उपयोग नव्हता.

ब्रिजवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण मी रात्री अशाच बिघाडांचे फोन घेतो. एक: फायबरचा डबा नुसता मोडेमसारखा चालत असेल आणि पीपीपीओई, म्हणजे नेटचं लॉगिन, तुमच्या राउटरवर असेल, तर फायरवॉल त्या दोघांच्या मध्ये घालू नका. तिथून जाणारी फ्रेम आयपीची नसते, पीपीपीओईची असते, आणि आयपीचे नियम तिला लागूच होत नाहीत. ब्रिज राउटर आणि स्विचच्या मध्येच हवा.

दोन: कर्नल ३.१८ पासून ब्रिज नेटफिल्टर, म्हणजे ब्रिजवरची पॅकेट जुन्या आयपीटेबल्स फायरवॉलकडे पाठवणारा भाग, हे वेगळं मॉड्यूल झालं. जुन्या पद्धतीने आयपीटेबल्स वापरणाऱ्यांचं ते मॉड्यूल चढलं नाही तर नेट व्यवस्थित चालतं, नियम यादीत दिसतात आणि एकही लागू होत नाही. फ्रीबीएसडीवर बसवलेल्या ओपीएनसेन्स या तयार फायरवॉलमध्ये असाच घोळ पीफिल ब्रिज आणि पीफिल मेंबर या दोन सेटिंगचा: मेंबर शून्य, ब्रिज एक, नाहीतर नियम लिहिता एकीकडे आणि तपासणी होते दुसरीकडे. बसवून झालं की बाहेरच्या बाजूला लॅपटॉप लावून आतलं पोर्ट ठोठावून बघा. त्याशिवाय बसवलं म्हणू नका.

जुळेसोलापूर

रिमोट डेस्कटॉपचं राहू द्या, सगळ्यात मोठं भोक कॅमेऱ्यांचं आहे. आमच्या ऑफिसात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं मशीन) लावून गेला तो माणूस, लाइनमनला सांगून पोर्ट उघडून घेतले, पासवर्ड कारखान्यातून आला तोच. नेट अधूनमधून रांगत होतं. शेवटी डीव्हीआरची वायर काढली तर नेट पळायला लागलं. म्हणजे तो डीव्हीआर कोणासाठी काम करत होता? कॅमेरे बसवणाऱ्यांना या गोष्टीची पर्वाच नाही. बिल घेतलं की गायब.

तारजोड्या

पर्वा नाही म्हणे. मी कॅमेरे लावतो, बारा महिने शिडीवर असतो. मालकाला पाहिजे असतं फोनवर फुटेज, आजच्या आज, आणि तारेच्या मीटरमागे दोन रुपये कमी करा म्हणून तासभर घासतो. मी पासवर्ड बदलून चिठ्ठीवर लिहून देतो. महिन्याने फोन येतो: "चिठ्ठी हरवली, दिसत नाही, लगेच या." फुकट. मग रिसेट, परत जुना पासवर्ड. एकदा रात्री साडेदहाला अशोक चौकातून चिंचोळीला गेलोय, तेवढ्यासाठी. तुम्ही ऑफिसात बसून आमच्यावर बोटं दाखवता. पासवर्ड सांभाळायला कोणी ठेवलाय का तुमच्या मालकाने? नाही. मग?

जुळेसोलापूर

मालक चुकतो म्हणून तुम्ही लोकांच्या घरात दार उघडं टाकून यायचं का? कुलूप लावणारा "किल्ली हरवाल म्हणून कुलूपच लावलं नाही" म्हणाला तर चालेल?

तारजोड्या

घरात यायच्या आधी एकदा माझ्याबरोबर दिवसभर फिरा, मग बोला. आणि पोर्ट उघडायचे दिवस गेले. आता बहुतेक डीव्हीआर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जोडतो, क्यूआर कोड स्कॅन केला की फोनवर चित्र. कुठलं दार उघडलं मी?

रात्रपाळी

तारजोड्यांचं अर्धं बरोबर आहे. फुकट फेऱ्यांबद्दल तर पूर्ण बरोबर. पण डीव्हीआर आतून बाहेर जोडतो म्हणजे धोका गेला असं नाही. २०१६ च्या मिराई या व्हायरसचं हेच होतं: साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या घेऊन डीव्हीआर आणि कॅमेरे धुंडाळायचं, आत शिरायचं आणि ती सगळी यंत्रं एकाच वेळी कोणावर तरी सोडायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला तेव्हा अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट उघडेनात. त्या यंत्रांचे मालक बिचारे आपापल्या दुकानात बसलेले होते.

आणि म्हणून मागावरचा, तुमच्या दोन ओळी पुरत नाहीत. "आतून सुरू झालेलं जाऊ दे" हा नियम डीव्हीआरला आणि हजेरीच्या मशीनला लावायचा नाही. डीव्हीआरला फक्त त्याच्या कंपनीचा सर्व्हर आणि वेळ जुळवायला एनटीपी, बाकी बंद. हजेरीच्या मशीनला बाहेर जायचं कारणच नाही.

मागावरचा

डीव्हीआरचा नियम आज रात्री घालतो. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, जुळेसोलापूरचं रांगणारं नेट आमच्याकडेही आहे. पण बघा, तो नियम घालता येतो तो मध्ये डबा आहे म्हणून. फायबरवाल्याच्या राउटरवर मला तो कुठे घालता आला असता?

तारजोड्या, तुम्ही लावलेल्या मशीनचा आयपी आणि मॅक पत्ता (कार्डाचा कायमचा नंबर) तेवढा चिठ्ठीवर लिहून देत जा. पासवर्डचं आम्ही बघू.

तारजोड्या

आयपी लिहून देतो. मॅकचं स्टिकर मशीनच्या खाली असतं, उलटं करून स्वतः बघा. आणि फेरीचे दोनशे रुपये आधी ठरवा.

होटगीरोडकर

चला, डीव्हीआरपुरतं मान्य करतो. इंटरनेटकडे जाणाऱ्या मशीनवर लगाम पाहिजे आणि राउटर हातात नाही, अशा जागी ब्रिज चालेल. स्विचवरच्या मशीन-मशीनचा प्रश्न तसाच आहे. त्याला व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगळे खण, टाकता येतील असा स्विच लागतो, आणि तो घेतला की डीव्हीआर वेगळ्या खणात टाकता येतो, मग ब्रिजचं निम्मं काम उरतच नाही.

शिवाय लॉग, म्हणजे डब्याने केलेल्या नोंदी, कोण वाचणार? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असं आहे. तुमच्या डब्यातला लॉग किती दिवसांनी स्वतःवरच लिहिला जातो ते बघितलंत?

मागावरचा

लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवतो. वाचणारा मीच, सोमवारी सकाळी.

जुळेसोलापूर

एक विचारायचं राहिलं. ब्रिजच्या दोन्ही वायरी चुकून एकाच स्विचला लागल्या तर?

रात्रपाळी

लूप. ब्रॉडकास्ट फिरत राहतो आणि सगळं ऑफिस बसतं. ब्रिजवर लूप तोडणारं एसटीपी चालू ठेवा आणि दोन वायरी दोन रंगांच्या घ्या. झाडूपोछा करणाऱ्या मावशी वायर निघाली की दिसेल त्या भोकात लावतात, त्यांना दोष देऊ नका.

हिशेबनीस

माझं उत्तर अजून कोणी दिलं नाही. मी घरून शिरायचं कसं?

रात्रपाळी

घरी फिक्स आयपी घ्या. राउटर पोर्ट पुढे ढकलतो तेव्हा बाहेरच्याचा मूळ आयपी तसाच राहतो, म्हणून ब्रिजवर नियम लिहिता येतो: ३३८९ फक्त हिशेबनिसांच्या घरच्या पत्त्यावरून, बाकी जगाला बंद. त्याहून चांगलं म्हणजे व्हीपीएन (घरापासून ऑफिसपर्यंतची कुलूपबंद वाट), पण त्यासाठी मालकाला आत एक मशीन चालू ठेवावं लागेल.

हिशेबनीस

आणि त्या फिक्स आयपीचे पैसे चारही मालकांनी मिळून द्यायचे की मी?

मागावरचा

मालकांनी. आमच्या मालकांशी मी बोलतो, चौथा हिस्सा आमचा धरा. बाकी तिघांना तुम्ही २० तारखेच्या आधी विचारा.