अंबाजोगाईतील जुन्या माळवदाच्या घरासाठी वायरलेस चोर-अलार्म : कोणता घ्यावा आणि कसा बसवावा? (मर्यादा ८ हजार रुपये)

मांजराकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. अंबाजोगाईत आमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढचा भाग जुना, दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींचा आणि वर माळवद असलेला आहे. मागच्या खोल्या नंतर बांधलेल्या, स्लॅबच्या आहेत. घरात आई-वडील दोघेच असतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. मागील महिन्यात आमच्या आळीतील दोन घरांची मागची दारे रात्री उचकटली गेली. तेव्हापासून आईला शांत झोप लागत नाही. शिवाय आषाढीला दोघेही पंढरपूरला जातात, त्या काळात घराला कुलूप असते.

आत येण्याच्या जागा चार आहेत : पुढचे सागवानी दार, परसातील लोखंडी पत्र्याचे दार, गच्चीच्या जिन्याचे दार आणि माजघराची खिडकी. वाय-फाय आहे, परंतु राउटर अगदी मागच्या खोलीत आहे आणि लाईट वरचेवर जाते. वडील साधा बटणांचा फोन वापरतात. मला ८ हजारांच्या वर जाता येणार नाही. कोणत्या प्रकारचा संच घ्यावा, तो स्वतः बसवता येतो का आणि सेन्सर कोठे लावावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

शहागंजकर, छत्रपती संभाजीनगर
अलार्मच्या फंदात न पडता आपण थेट कॅमेरे बसवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी आमच्या बंगल्याला आठ कॅमेरे, रेकॉर्डर, मोठा युपीएस आणि फाटकावर व्हिडिओ डोअर फोन असे सगळे एकदमच करून घेतले. खर्च ४६ हजारांच्या घरात गेला, परंतु आज अमेरिकेत असलेल्या मुलीलाही आमचे अंगण स्वच्छ दिसते. सुरक्षिततेच्या बाबतीत ८ हजारांचा विचार करणे मला योग्य वाटत नाही. थोडे थांबा, पैसे साठवा आणि एकदाच चांगले काम करा.

ओसरी, लातूर
धागाकर्त्यांनी मर्यादा स्पष्ट लिहिली आहे, तेव्हा ४६ हजारांचा त्यांना काय उपयोग? मी गंजगोलाईतील एका दुकानातून वाय-फायवर चालणारा संच घेतला. त्यात एक पॅनेल (सेन्सरची सूचना घेऊन भोंगा वाजवणारी मुख्य पेटी), दारांचे तीन चुंबकी सेन्सर (दारावर चुंबक आणि चौकटीवर सेन्सर; दार उघडून दोन्ही दुरावले की सूचना जाते), हालचाल ओळखणारा एक सेन्सर आणि दोन रिमोट मिळाले. सारे काही माझ्या धाकट्या मुलाने घरीच बसवले. दार उघडताच माझ्या मोबाईलवर सूचना येते, मग मी नांदेडला माहेरी असले तरी हरकत नसते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : असे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायलाच जोडले जातात. राउटर दोन्ही लहरींवर चालणारा असेल, तर जोडणी करताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असल्यामुळे पुष्कळांचा संच पहिल्या पायरीवरच अडतो.

तारतंत्री, जालना
मी हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. ओसरीताईंचा संच त्यांच्या घरात चांगला चालत असेल, परंतु धागाकर्त्यांनी सांगितलेल्या घराला तो मानवणार नाही. लाईट गेली की राउटर बंद पडतो, आणि राउटर बंद पडला की पुण्याला काहीच कळत नाही. वडिलांकडे साधा फोन आहे, म्हणजे ॲपवरील सूचनाही त्यांच्या कामाची नाही. त्यांच्यासाठी सिम कार्डवर चालणारे जीएसएम पॅनेल उत्तम. त्याला आतून बॅटरी असते, वीज नसताना ते काही तास चालते, आणि अलार्म झाला की त्यात भरलेल्या क्रमांकांना ते एकामागून एक फोन लावते. कित्येक पॅनेलमध्ये आपल्या आवाजातील छोटा निरोप भरून ठेवता येतो. "परसदार उघडले आहे" एवढे शब्द वडिलांना साध्या फोनवरही ऐकू येतील.

सिम घेताना पॅनेल २जी आहे की ४जी, हे खोक्यावर वाचूनच घ्यावे. स्वस्त पॅनेल बहुधा २जी असतात आणि जिओचे जाळे २जी नाही, त्यामुळे त्यात जिओचे सिम चालणार नाही. सिमला पिन असेल तर ते आधी फोनमध्ये घालून पिन काढून टाकावा.

आता भिंतींविषयी. स्वस्त संचांतील सेन्सर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. या लहरी वाय-फायपेक्षा भिंतीतून बऱ्या जातात, तरीही अडीच फुटी दगडी भिंत त्यांचा जोर चांगलाच कमी करते. खोक्यावर लिहिलेले १०० मीटर हे मोकळ्या मैदानातले असतात. म्हणून पॅनेल पुढच्या ओसरीत न ठेवता जुन्या आणि नव्या भागाच्या सांध्यावर, खांद्याच्या उंचीवर ठेवावे. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा राउटरला चिकटवून ठेवू नये. ड्रिल मशीनला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सेन्सर हाताने त्याच्या जागी धरावा, मधली सगळी दारे लावून घ्यावीत आणि पॅनेल वाजते का ते पाहावे. वाजले नाही तर पॅनेल हलवावे. हे आधी न केल्यामुळे भिंतीला नको तितकी भोके पडलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहेत.

गोदाकाठचा, नांदेड
सिमविषयी वर लिहिले आहेच, तरी मीही सांगतो की जिओचे सिम घेऊ नका.

माझी खरी तक्रार हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल आहे. आमच्या दिवाणखान्यात दुकानदाराच्या माणसाने तो कूलरच्या समोर लावून दिला. उन्हाळाभर रात्री-अपरात्री भोंगा वाजत राहिला. पहिल्या वेळी शेजारी काठ्या घेऊन धावत आले, पुढे खिडकीतून बघू लागले आणि शेवटी तेही बंद झाले. दुकानदाराकडे गेलो तर "सेन्सर चांगलाच आहे" एवढेच उत्तर मिळाले. एकदा स्टुलावर चढून पाहिले, तेव्हा सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर एक पाल पोट टेकवून बसली होती आणि आत लाल दिवा लुकलुकत होता. खोट्या अलार्ममुळे शेजाऱ्यांचा विश्वास जातो, हे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

बिंदुसरा, बीड
कूलर, पाल, सिम, बॅटरी, एवढी काळजी करण्यापेक्षा एक चांगला कुत्रा पाळावा. आमच्या शेतातील वस्तीवर दोन गावठी कुत्री आहेत. अनोळखी माणूस बांधावर आला तरी ती गाव जागे करतात. खर्च फक्त भाकरीचा.

शहागंजकर, छत्रपती संभाजीनगर
वस्ती वेगळी आणि शहरातील आळी वेगळी. वारीच्या काळात कुत्र्याला भाकरी कोण घालणार? कॅमेऱ्याला भाकरी लागत नाही. चोराचा चेहरा पोलिसांना मिळतो, तो अलार्म देऊ शकत नाही, हे कोणीच लक्षात घेत नाही.

बिंदुसरा, बीड
आमच्या नात्यातील एका घरी चोरांनी कॅमेऱ्याचा रेकॉर्डरच उचलून नेला. चेहरे त्यातच गेले. कुत्र्याला असे उचलून नेता येत नाही.

तारतंत्री, जालना
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु धागाकर्त्यांच्या आईला रात्री चोर आत येण्यापूर्वी कळायला हवे आहे, आणि कॅमेऱ्याचे चित्रण बहुतेक वेळा सकाळी पाहिले जाते. तेव्हा अलार्मकडेच वळू.

गोदाकाठच्या दादांनी सांगितले ते अगदी खरे आहे. हा सेन्सर माणूस पाहत नाही, तो उष्णतेतील बदल पाहतो. कूलरचा झोत, हलणारा पडदा, खिडकीतून थेट पडणारे ऊन आणि भिंगावर बसलेली पाल या सगळ्यांनी तो फसतो. उलट, मे महिन्यात आपल्याकडे खोलीचे तापमान माणसाच्या अंगाच्या जवळपास पोहोचते, तेव्हा भिंत आणि माणूस यांतील फरक कमी होऊन तो समोरच्या माणसालाही उशिरा ओळखतो. तो कोपऱ्यात साधारण सात फुटांवर असा लावावा की येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस त्याला कमी जाणवतो. पाली येऊ नयेत म्हणून तो ट्यूबलाईटपासून दूर असावा, कारण किडे तिथे आणि पाली किड्यांमागे.

आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. बॅटरीवरील असे बरेच सेन्सर एकदा सूचना दिल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी दोन-तीन मिनिटे गप्प राहतात. नवा संच लावणारा समोरून चार फेऱ्या मारतो, तो वाजत नाही, आणि संच खराब म्हणून परत पाठवला जातो. तपासणीसाठी आत वेगळी कळ किंवा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तो आधी वापरावा.

उदगीरकर
माझ्या मेहुण्यांकडे सिमचे पॅनेल आहे. ते सिम कोणाच्याच रोजच्या फोनमध्ये नसल्यामुळे रिचार्ज संपल्याचे कोणाला कळले नाही, आणि गरजेच्या वेळी पॅनेल मुके राहिले. सिम सगळ्यांनी सांगितले, परंतु रिचार्जचे कोणी सांगितले नाही. ज्याच्या नावावर सिम आहे त्याने तारीख लिहून ठेवावी. दुसरे म्हणजे, पॅनेलमध्ये पोलिसांचा ११२ क्रमांक भरू नये. भोंगा खोटा वाजला तर मदतीचा क्रमांक विनाकारण अडतो. आधी घरचे, मग शेजारी, आणि खात्री झाल्यावर माणसाने स्वतः ११२ लावावा. गावाला जाताना पोलीस ठाण्यात कळवून ठेवणे केव्हाही चांगले.

ओसरी, लातूर
इन्व्हर्टरवर राउटर चालवला तर वाय-फायचा संचही लाईट गेल्यावर चालतो, हे मला नमूद करायचे आहे. आमचा आजवर एकदाही बंद पडलेला नाही.

मांजराकाठ (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार. आई-वडिलांशी बोलून निर्णय घेतला आहे. तो इथल्या बहुतेक सल्ल्यांच्या विरुद्ध आहे, म्हणून कारणांसह लिहितो.

कॅमेरा घेत नाही, वाय-फायचा संचही घेत नाही, आणि हालचाल ओळखणारा सेन्सर एकही लावत नाही. आमच्या माजघरात मांजर व्यालेली आहे आणि आई तिला बाहेर काढणार नाही. शिवाय आई पहाटे चारला उठून देवघरात जाते. तिला रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे एकही खोटा भोंगा मला परवडणार नाही. २जी पॅनेल, चार चुंबकी सेन्सर, एक भोंगा आणि दोन रिमोट असा संच ५,४०० रुपयांना मिळतो आहे. उरलेल्या पैशांतून सुताराकडून परसदाराला आतून आडवा अडसर आणि जिन्याच्या दाराला नवा कोयंडा करून घेतो, कारण दार दोन मिनिटे तरी टिकले नाही तर भोंग्याचा फायदा चोरालाच होईल असे मला वाटते. वारीच्या काळात घर रिकामे न ठेवता मावसभाऊ तिथे झोपायला येणार आहे. संच मी स्वतःच बसवणार आहे.

शहागंजकर, छत्रपती संभाजीनगर
निर्णय आपला आहे, त्याचा मी आदर करतो. तरी पुढेमागे फाटकावर एक तरी कॅमेरा घ्यावा.

तारतंत्री, जालना
मला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही, आणि ते सांगणे माझे कर्तव्य आहे. चुंबकी सेन्सरला दार उघडलेलेच कळते. खिडकीचे गज कापले किंवा मातीच्या भिंतीला भगदाड पाडले, तर त्याला काही कळणार नाही. जुन्या घरात हा धोका असतो. माजघरात नको असेल तर निदान नव्या भागातील बोळात एक हालचालीचा सेन्सर लावावा; तो रात्री बंद आणि घर रिकामे असताना चालू राहील, अशी सोय पॅनेलमध्ये असते.

मांजराकाठ (धागाकर्ता)
आपले म्हणणे समजले. घर रिकामे राहणारच नाही, म्हणून सध्या तो लावत नाही. खिडकीच्या गजांना मात्र आतून जाळी वेल्ड करून घेईन. परसदार पत्र्याचे आणि त्याची चौकटही लोखंडी आहे. तिथे चुंबक नीट चालेल का?

तारतंत्री, जालना
थेट लोखंडावर चिकटवले तर चालणार नाही. लोखंड चुंबकाचा जोर खाते आणि सेन्सरच्या लहरीही अडवते. अर्ध्या इंचाचे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे घेऊन चुंबक आणि सेन्सर दोन्ही लोखंडापासून उचलून बसवा. शक्य असेल तर सेन्सर चौकटीवर न लावता शेजारच्या भिंतीवर घ्या. दोन्ही तुकड्यांत दार बंद असताना एक सेंटिमीटरच्या आतच अंतर ठेवा. डबल टेपवर विसंबू नका. चुन्याच्या भिंतीवर ती पापुद्र्यासह सुटते आणि पत्र्यावर उन्हाने वितळते. स्क्रूच मारा. सागवानी दार पावसाळ्यात फुगते, म्हणून तिथले अंतर आत्ता जुळवले तरी श्रावणात पुन्हा पाहा.

पॅनेलचा कारखान्यातून आलेला संकेतांक, बहुधा १२३४, पहिल्याच दिवशी बदला. पुढच्या दाराला २० ते ३० सेकंदांचा अवकाश ठेवा, म्हणजे वडील बाहेरून आले तर त्यांना बंद करायला वेळ मिळेल; परसदार आणि जिना मात्र तत्काळ वाजणारे ठेवा. आई पहाटे परसात जात असतील, तर आधी रिमोटने अलार्म उतरवायची सवय त्यांना तुमच्यासमोरच लावून द्या, आणि एक रिमोट त्यांच्या उशाशी ठेवा. स्वस्त सेन्सर आपली बॅटरी मेली आहे हे पॅनेलला स्वतःहून कळवत नाहीत, म्हणून आठवड्यातून एकदा वडिलांनी चारही जागा उघडून वाजवून पाहाव्यात. पहिली चाचणी दिवसा, शेजाऱ्यांना सांगून करा, आणि त्यांचे दोन क्रमांक तुमच्या क्रमांकाच्या आधी भरा, कारण पुण्याहून तुम्हाला पोहोचायला निदान सात-आठ तास लागतील.