मदत हवी आहे: सुरू करताना पाच बीप आणि 'नो बूटेबल डिव्हाइस'

नमस्कार. काल रात्रीपासून माझा लॅपटॉप सुरू होत नाहीये. प्रबंधाची चार प्रकरणं त्यात अडकली आहेत आणि शेवटचा बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा आहे. लॅपटॉप गेला तरी चालेल, पण विदा वाचायलाच हवा.

बटण दाबलं की पंखा फिरतो, पाच बीप वाजतात, जरा थांबून पुन्हा पाच. मग काळ्या स्क्रीनवर तारीख-वेळ सेट नसल्याची सूचना येते. एफ-१ दाबून पुढे गेलं की 'नो बूटेबल डिव्हाइस', आणि तिथेच गाडी अडते.

चार्जर काढून बटण ३० सेकंद दाबून धरलं. रॅम काढून पुन्हा बसवली. काही फरक नाही. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) डिस्कचं नाव आणि क्षमता बरोबर दिसते, तारीख मात्र १ जानेवारी. बूट मोडपुढे 'लेगसी' लिहिलंय. आधी काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं.

एका तक्त्यात पाच बीप म्हणजे प्रोसेसर गेला असं वाचलं, तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. अजून एक गोष्ट. मुख्य बॅटरी केव्हाच संपली आहे, चार्जरवरच काम चालतं. महिनाभर असं होतंय की रात्री चार्जर काढला की सकाळी घड्याळ मागे गेलेलं असतं आणि ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो. मी वेळ बदलून कामाला लागायचे. याचा काही संबंध असेल का?

ओळखीतल्या एकांनी विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय. पेनड्राइव्ह तयार आहे. टाकू का? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

प्रतिसाद १
टाकू नका. पेनड्राइव्ह आधी बाजूला ठेवा. इन्स्टॉल करताना चुकीचं पार्टिशन निवडलं गेलं तर प्रकरणं खरोखरच जातील.

प्रोसेसर गेलेला नाही. तो गेला असता तर स्क्रीनवर अक्षरच उमटलं नसतं. तुम्ही वाचलेला तक्ता बहुधा एएमआय बायोसचा आहे, त्यात पाच बीप म्हणजे प्रोसेसर. पण बीपची भाषा सगळीकडे एक नसते. काही लॅपटॉपमध्ये हेच पाच बीप सीमॉस बॅटरी (आतलं घड्याळ चालू ठेवणारी छोटी बॅटरी) संपल्याची खूण असतात, आणि तुमचं घड्याळ महिनाभर तेच सांगत होतं. ती बॅटरी संपली आणि चार्जरही काढला की काही मशीनमध्ये बायोसची सेटिंग्ज मूळपदावर येतात. विंडोज यूईएफआय या नव्या बूट मोडमध्ये टाकलेलं असेल आणि बायोस लेगसी या जुन्या मोडवर गेला असेल, तर डिस्क धडधाकट असूनही बूट होणार नाही.

बूट मोड यूईएफआय करा आणि बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दिसतो का बघा. बाकी कशाला हात लावू नका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल, ती आधी शोधून ठेवा.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. सीमॉस बॅटरी बहुतेक वेळा सीआर २०३२ असते, नाण्याएवढी, ३ व्होल्टची. पण लॅपटॉपमध्ये ती अनेकदा प्लास्टिकच्या वेष्टनात असते आणि तिला दोन तारांचा छोटा कनेक्टर असतो. सुटं नाणं आणून तारा जोडत बसू नका, कनेक्टरसकट तयार मिळते. मागचं झाकण उघडण्याआधी चार्जर काढा आणि मुख्य बॅटरीचा कनेक्टरही सोडवा.

धागाकर्ती
सुरू झाला! यूईएफआय केलं, पाच बीप वाजले, आणि नंतर विंडोज आलं. चारही प्रकरणं उघडून पाहिली, शेवटच्या परिच्छेदापर्यंत जशीच्या तशी आहेत. दोघांचे मनापासून आभार. बॅटरी उद्या बदलते, तोवर चार्जर काढणार नाही.

एक शंका राहिली. डिस्कचा स्मार्ट अहवाल (तिच्या तब्येतीचा) काढला, त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे ८ आहे. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू का?

प्रतिसाद १
आत्ता नको. ते ८ सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, डिस्कला नीट वाचता आलेले नाहीत. अशा डिस्कवर चेकडिस्क तासन्‌तास चालतं आणि ताण वाढतो. आधी प्रकरणं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, तिथून उघडून बघा, मग चेकडिस्क. दोन दिवसांनी अहवाल पुन्हा काढा आणि आकडा वाढला असेल तर इथे लिहा.