रेड ६ ची पुनर्बांधणी चालू असताना दुसरी डिस्क बदलावी का?

दोन कंट्रोलरच्या स्टोरेज ॲरेमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या साठवण यंत्रणेत) १२ डिस्कच्या रेड ६ (दोन डिस्क निकामी झाल्या तरी माहिती टिकवणाऱ्या) गटातील एक डिस्क निकामी झाल्यामुळे हॉट स्पेअरवर (आधीच जोडून ठेवलेल्या राखीव डिस्कवर) पुनर्बांधणी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरील माहिती पुन्हा तयार करणे, सुरू झाली. मात्र त्याच गटातील आणखी एका डिस्कवर मीडिया एरर (डिस्कवरील माहिती वाचताना-लिहिताना येणाऱ्या चुका) वाढत असून पुनर्बांधणीचा वेग अगदीच मंदावला आहे. पुनर्बांधणीची प्राथमिकता वाढवून आणि रात्रीची बॅकअपव्यतिरिक्त सर्व कामे थांबवूनही फरक पडलेला नाही. दोन्ही कंट्रोलर, कॅशेची बॅटरी व केबल यांबाबत लॉगमध्ये तक्रार नाही, आणि बॅकअप पडताळलेला आहे. ॲरे बंद ठेवता येणार नाही. उत्पादकाचा सेवाकरारही संपला आहे. दुसरी डिस्क आत्ताच काढल्यास गटाचे उरलेसुरले संरक्षण संपेल, हे उघड आहे. मग पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंत थांबावे, की त्या डिस्कची दुसऱ्या स्पेअरवर थेट प्रत आधीच सुरू करणे अधिक सुरक्षित ठरेल?