मंगळयान १५ महिन्यांत झालं, मग शुक्रयानाला एवढा वेळ कशाला?

शततारका: शुक्राभोवती फिरणाऱ्या यानाला सप्टेंबर २०२४ मध्ये १२३६ कोटींची मंजुरी मिळाली, उड्डाण मार्च २०२८ मध्ये. तेव्हापासून शीर्षकातला प्रश्न सारखा कानावर येतोय. माझ्या मते मंगळयानाची घाई यानाला मानवली, उपकरणांना नाही. सर्वांत गाजलेलं उपकरण मिथेन शोधणारं. पण मिथेनच्या खुणा कार्बन डायऑक्साइडपासून वेगळ्या काढणं त्याला जमेना. शेवटी ते पृष्ठभागाच्या परावर्तनाचे नकाशे करायला वापरलं. जमिनीवर कस लावायला आणखी वर्षभर मिळालं असतं, तर ही उणीव इथेच पकडता आली असती.

रानवाटा: साफ असहमत. मंगळाकडे निघायची संधी २६ महिन्यांनी येते. नोव्हेंबर २०१३ हुकलं असतं तर थेट २०१६! जीएसएलव्ही हे जास्त ताकदीचं रॉकेट २०१० मध्ये दोनदा अपयशी ठरलं होतं, म्हणून कमी वजन नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटवर भागवावं लागलं. १३३७ किलोच्या यानात साधारण ८५० किलो इंधनच. पाच उपकरणांच्या वाट्याला १५ किलो आले. अडचण वजनाची होती हो, वेळेची नव्हे.
आणि जिथे यान गमवायची भीती होती तिथली तयारी बघा. मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद राहून मंगळापाशी पुन्हा पेटायला हवं होतं, म्हणून इंधनाची दुसरी, समांतर वाट आधीच ठेवलेली. २२ सप्टेंबर २०१४ ला चार सेकंद पेटवून पाहिलं, २४ ला यान कक्षेत! संदेश पोहोचायलाच १२ मिनिटं, त्यामुळे सगळ्या आज्ञा आधीच यानात भरलेल्या. याला घाईचं काम कसं म्हणणार?

शततारका: इंजिनाबद्दल दुमत नाहीच, ते काम अव्वल होतं. पण वजन कमी म्हणता, तर तीनच उपकरणं न्यायची, पारखून घेतलेली.

पाणकोंबडा: सहा महिन्यांसाठी गेलेलं यान २०२२ पर्यंत टिकलं, हे विसरू नका. शततारकाताई, तुमची भीती खरी असली तरी थांबण्यालाही किंमत असते. शुक्रासाठी आधी डिसेंबर २०२४ ची चर्चा होती. ती संधी गेली, पुढची १९ महिन्यांनी. तोवर तरुण संशोधकांनी हातात विदा (डेटा) नसताना करायचं काय?

शततारका: वाट बघायची, आणि चाचण्या करायच्या. शुक्राच्या ढगांतून साध्या कॅमेऱ्याला जमीन दिसत नाही, रडारच लागतो. शिवाय वातावरणाच्या घर्षणाने कक्षा खाली आणायचा बेत आहे; मंगळयानाला ते करावंच लागलं नव्हतं. २०२८ ला रडार तयार नसेल, तर माझं मत पुढची संधी घेण्याला.

रानवाटा: माझं नाही. रडार अडला तर बाकीची उपकरणं घेऊन २०२८ लाच निघावं.