मोटोरोलाच्या डीएमआर रिपीटरवर हायटेराचे हँडसेट चालतील का?

प्रश्न: कारखान्यात यूएचएफ मोटोटर्बो (मोटोरोलाची डीएमआर, म्हणजे डिजिटल वॉकीटॉकीच्या खुल्या मानकाची, मालिका) रिपीटर (हँडसेटचा सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं यंत्र) आहे, एकच साइट. नवे १० हँडसेट हायटेराचे घ्यायचे आहेत. काय काय जुळवावं लागेल? केनवूडचे जुने नेक्सएज (त्यांची डिजिटल रेडिओ मालिका) सेटही आहेत, ते चालतील?

उत्तर १: रिपीटर साध्या डीएमआर टियर २ (ट्रंकिंगशिवायचा) मोडमध्ये असेल तर हायटेरा नक्की चालतील. कपॅसिटी प्लस चालू असेल तर नाही, ते मोटोरोलाचं स्वतःचं ट्रंकिंग (चॅनेल आपोआप वाटून देण्याची पद्धत) आहे. म्हणून खरेदीआधी रिपीटरचं प्रोग्रॅमिंग वाचून घ्या. हँडसेटची आरएक्स (ऐकण्याची) म्हणजे रिपीटरची टीएक्स (प्रसारणाची) फ्रिक्वेन्सी, आणि उलट. कलर कोड (रिपीटरचा ओळख क्रमांक, ० ते १५), टाइम स्लॉट (एका चॅनेलचे वेळेनुसार केलेले दोन भाग, त्यातला एक), ग्रुप आयडी (बोलणाऱ्या गटाचा क्रमांक) रिपीटरवर आणि जुन्या सेटवर आहेत तेच ठेवा. रेडिओ आयडी मात्र प्रत्येकाचा वेगळा. नेहमीची चूक: ग्रुप टीएक्सला टाकतात, आरएक्स ग्रुप लिस्टमध्ये विसरतात. मग आपलं बोलणं जातं, समोरचं ऐकू येत नाही.

उत्तर २: एन्क्रिप्शन (बोलणं गुप्त करणं) आधी बंद करून तपासा. मोटोरोलाची बेसिक प्रायव्हसी हायटेराला उलगडत नाही, नुसती खरखर येते. रिपीटरवर रिस्ट्रिक्टेड ॲक्सेस (ठरावीक सेटनाच परवानगी) चालू असेल तर त्याची ‘की’ (गुप्त कोड) नसलेला सेट रिपीटर घेतच नाही. मग बाकी सगळं बरोबर असूनही लोक अँटेना तपासत बसतात.

उत्तर ३: नेक्सएज डिजिटलमध्ये विसरा. ते एनएक्सडीएन या वेगळ्या मानकाचं, एफडीएमए (प्रत्येक संभाषणाला वेगळी फ्रिक्वेन्सी) पद्धतीचं; डीएमआर मात्र १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलमध्ये दोन टाइम स्लॉट करतं. कुठल्याही सेटिंगने जुळणार नाही. रिपीटर डायनॅमिक मिक्स्ड मोडवर (डिजिटल आणि ॲनालॉग दोन्ही, एका वेळी एक) ठेवून ते सेट ॲनालॉगवर चालवता येतात, पण डिजिटल चॅनेलवर असलेल्यांना त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही.