अनोळखी शहरात फिरताना घ्यायची काळजी: सल्ला हवा आहे

पहिलीवारी:
नमस्कार. पुढच्या महिन्यात मी आणि माझी आई (वय ७१) अशा दोघीच नऊ दिवसांसाठी एका मोठ्या परदेशी शहरात जाणार आहोत. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकाच गावापुरती माहिती मला नको आहे. कोणत्याही अनोळखी शहरात उपयोगी पडेल असे काही हवे आहे. आजवर सहलकंपनीच्या गटाबरोबर फिरले, त्यामुळे चुकण्याची आणि फसण्याची जबाबदारी कधी स्वतःवर आली नाही. आता सूचनांच्या इतक्या याद्या वाचून झाल्या आहेत की, त्या सगळ्या पाळायच्या म्हटल्या तर हॉटेलच्या खोलीबाहेर पाऊल टाकायला नको. पैसे आणि कागदपत्रे कशी सांभाळावीत, रस्त्यात अंगलट येणाऱ्या माणसांशी कसे वागावे आणि यातले खरोखर महत्त्वाचे काय, एवढे अनुभवी मंडळींनी सांगावे.

गाठोडे:
खिसेकापू एकटा काम करतो, हा गैरसमज प्रथम काढून टाकावा. बहुधा तिघे-चौघे असतात: एक जण वाट अडवतो, दुसरा लक्ष वेधतो, तिसरा पाकीट काढतो आणि ते क्षणार्धात चौथ्याच्या हाती जाते, त्यामुळे तुम्ही तिसऱ्याला पकडलेत तरी त्याच्याजवळ काहीच सापडत नाही. मेट्रोचे दरवाजे बंद होण्याचा क्षण, सरकत्या जिन्याचे शेवटचे टोक, रस्त्यावरील कलाकाराभोवती जमलेले कोंडाळे ही त्यांची आवडती ठिकाणे आहेत. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ ही पाटी वाचताच आपला हात नकळत पाकिटाकडे जातो आणि ते कोठे आहे हे बघणाऱ्याला आयतेच कळते, म्हणून पाटीजवळ खिसा चाचपू नये. हा उपद्रव किती पक्का असतो हे पाहायचे असेल तर पॅरिसकडे पाहावे: एप्रिल २०१३ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंना कंटाळून काम थांबवले आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिले, तर मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी त्याच कारणासाठी तेच केले.

उपाय म्हणाल तर, चोरी होणारच नाही अशी व्यवस्था करण्यापेक्षा चोरी झाली तरी सहल मोडणार नाही अशी व्यवस्था करावी. दिवसभराच्या खर्चापुरती रोकड आणि एक कार्ड वरच्या पाकिटात असावे, दुसरे कार्ड आणि राखीव रक्कम खोलीतील तिजोरीत किंवा कपड्याखालच्या पट्ट्यात असावी आणि तुमची एक वस्तू आईंच्या सामानात, त्यांची एक तुमच्या सामानात असावी. कपड्याखालचा पट्टा तिकीटखिडकीसमोर उघडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करायचे असेल तर तो बांधूच नये. पासपोर्ट मात्र सरसकट खोलीत ठेवावा असे मी म्हणणार नाही, कारण काही देशांत परदेशी व्यक्तीने मूळ ओळखपत्र जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक असते. तेथील नियम आधी पाहावा आणि पासपोर्ट व व्हिसा यांच्या छापील प्रती वेगळ्या बॅगेत ठेवाव्यात.

कानोसा:
माझा अनुभव सांगतो. एका प्रसिद्ध चौकात माझ्या खांद्यावर ओलसर काहीतरी पडले. मागून आलेल्या एका सभ्य दिसणाऱ्या बाईंनी पक्ष्याची विष्ठा पडल्याचे सांगितले आणि रुमाल काढून तो डाग पुसायला सुरुवातही केली. मी संकोचून आभार मानत राहिलो आणि आभार मानून होईपर्यंत पायाशी ठेवलेली बॅग गेली होती. डाग त्यांनीच टाकला होता, हे मला पोलीस चौकीत कळले.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, भामटा आपल्या हव्यासापेक्षा आपल्या सौजन्याचाच अधिक फायदा घेतो. विचारणाऱ्याला उत्तर न देणे, हातात दिलेली वस्तू परत करणे, मदत करणाऱ्याला झिडकारणे हे आपल्याला उद्धटपणाचे वाटते आणि बहुतेक युक्त्या नेमक्या त्या संकोचावर उभ्या असतात. कोणी मनगटाला दोरा बांधून मग पैसे मागतो, कोणी सहीसाठी अर्जाचा तक्ता नाकासमोर धरतो आणि त्याच्याखालून साथीदाराचा हात पर्समध्ये जातो, कोणी ‘ही अंगठी तुमची पडली का?’ म्हणून पितळेची अंगठी सोन्याची म्हणून गळ्यात मारतो. ‘तुम्ही निघालात ते ठिकाण आज बंद आहे, मी दुसरे दाखवतो’ असे सांगणारा तुम्हाला दलाली मिळणाऱ्या दुकानात नेतो. अशा वेळी ठिकाण खरोखर बंद आहे का, हे दारापर्यंत चालत जाऊन स्वतः पाहावे. तीन वाट्यांखालचा गोळा ओळखण्याच्या खेळात जिंकताना दिसणारे सगळे त्याच टोळीतले असतात, म्हणून बघायलासुद्धा थांबू नये.

तोतया पोलीस हा प्रकार सर्वांत वाईट, कारण तेथे आपण घाबरतो. ‘बनावट नोटा तपासायच्या आहेत, पाकीट दाखवा’ असे साध्या कपड्यांतील माणसाने रस्त्यात म्हटले तर पाकीट हातात देऊ नये आणि ‘आपण जवळच्या पोलीस ठाण्यात चालू या, तेथे दाखवतो’ असे शांतपणे सांगावे. तोतया बहुधा तेथूनच वळतो. शस्त्र दाखवून कोणी मागितले तर मात्र वाद न घालता देऊन टाकावे. वरच्या पाकिटात थोडेच ठेवण्याचा फायदा तेथेही होतो.

उलटबाजू:
वरील सर्व मान्य, पण हे वाचून पहिलीवारी प्रत्येक माणसाला चोर समजू लागल्या तर सहलीत उरले काय? मी वर्षानुवर्षे एकच भेद पाळतो. जो माणूस आपण होऊन माझ्याकडे आला त्याच्याशी जपून वागावे. ज्याला मी गर्दीतून निवडून विचारले तो चोर निघण्याची शक्यता फारच कमी असते. मुलांना घेऊन चाललेले आईवडील, दुकानातील कर्मचारी, बसथांब्यावरील वृद्ध गृहस्थ यांना मी निःशंकपणे वाट विचारतो.

हिशेबनीस:
पैशांच्या बाबतीत चोरापेक्षा कायदेशीर यंत्रच अधिक लुबाडते. परदेशात कार्ड वापरताना ‘रक्कम तुमच्या चलनात घ्यायची की स्थानिक चलनात?’ असे यंत्र विचारते. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा म्हणून आपण तो निवडतो आणि तेथील व्यापारी किंवा यंत्रचालक स्वतःचा वाढीव विनिमय दर लावतो. त्यामुळे प्रत्येक वेळी स्थानिक चलनच निवडावे. एटीएम शक्यतो बँकेच्या आतले, बँक उघडी असतानाचे वापरावे, पिन टाकताना दुसऱ्या हाताने आडोसा करावा आणि कार्ड अडकले तर ‘पुन्हा पिन टाकून बघा’ असे सुचवणाऱ्या परोपकारी माणसाला दूर ठेवून तेथेच उभे राहून बँकेला फोन करावा. काही बँकांची कार्डे परदेशातील व्यवहारांसाठी आधी सुरू करून घ्यावी लागतात, हेही निघण्यापूर्वी पाहावे.

टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्यावी आणि मीटर चालू होईल की ठरीव भाडे आहे, हे बसण्यापूर्वी विचारावे. ॲपवरून मागवल्यास गाडीचा क्रमांक जुळवावा आणि चालकाला आपले नाव न सांगता ‘कोणाला न्यायला आलात?’ असे त्यालाच विचारावे.

पहिलीवारी:
सर्वांचे मनापासून आभार. कानोसा यांचा प्रसंग आईला वाचून दाखवला, तर तिने तत्काळ आपली पर्स बदलली. दोन शंका उरल्या आहेत. फोनच चोरीला गेला तर काय करावे, कारण बँक, नकाशा, तिकिटे सगळे त्यातच असते? आणि गर्दीत आमची चुकामूक झाली तर काय करावे?

गाठोडे:
फोनच्या सिमकार्डालाही पिन लावता येतो आणि तो अवश्य लावावा, नाहीतर चोर तुमचे सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बँकेचे सांकेतिक क्रमांक मिळवू शकतो. मात्र तीनदा चुकीचा पिन टाकल्यास सिम बंद पडते आणि ते उघडायला आठ अंकी पीयूके लागतो, म्हणून सेटिंग घरी बसून करावे आणि तो क्रमांक लिहून घ्यावा. ‘स्टार हॅश शून्य सहा हॅश’ असे डायल केल्यावर पडद्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक (फोनची स्वतःची ओळख), बँकेचा आपत्कालीन क्रमांक आणि खात्यांचे राखीव संकेतांक कागदावर असावेत. पासपोर्ट गेल्यास आधी स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग आपल्या देशाच्या वकिलातीत जावे. तेथे ती प्रत मागतात. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र चालतो. इतरत्र स्थानिक क्रमांक आधीच पाहून ठेवावा.

आणखी एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून सांगतो. चोरापेक्षा रस्ता ओलांडणे अधिक धोक्याचे असते, कारण वाहने उलट्या बाजूने येत असतील तर आपली मान सवयीने चुकीच्या दिशेला वळते. लंडनमध्ये तर पादचाऱ्यांसाठी रस्त्यावरच ‘उजवीकडे पाहा’ असे रंगवलेले असते. आईंचा हात तेथे घट्ट धरावा.

कानोसा:
चुकामुकीबद्दल आमच्या घरी ठरलेला नियम असा आहे: मेट्रोचा दरवाजा दोघांच्या मध्येच बंद झाला, तर जो आत राहिला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून फलाटावर थांबायचे आणि जो मागे राहिला त्याने पुढची गाडी पकडून तेथे यायचे. दोघांनीही एकमेकांना शोधायला सुरुवात केली की संध्याकाळ होते. आईंच्या पर्समध्ये हॉटेलचे नाव आणि पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ती हॉटेलच्या स्वागतकक्षातूनच पहिल्या दिवशी लिहून घ्यावी, पण खोलीचा क्रमांक तिच्यावर लिहू नये.

पहिलीवारी:
मेट्रोचा नियम आईला फारच पसंत पडला आहे. फक्त आत कोण राहणार, हे आधी ठरवता येईल का, असे ती विचारते आहे.